सेसिलचा उपास आणि ट्राउट मासा

ग्लेनचा फोन आला तेव्हा मी अबू खल्फानच्या मळ्यावर, पंपाच्या खोलीत होतो. फायबरच्या टाकीतलं पाणी सोडत होतो. टाकीत मासा उरला नव्हता, नुसतं पाणी आणि ते थंड ठेवणारा चिलर घरघरत होता. सेसिलने, माझ्या बायकोनेच मला पाठवलं होतं. आदल्या दिवशी इस्पितळाच्या खाटेवरून म्हणाली, "मासा खाऊन झाला ना? मग ते मशीन कोणासाठी चालू ठेवलंयस? दुसऱ्याची वीज जळते. जा, बंद करून ये." मी म्हटलं, जाईन दोन दिवसांनी. तर म्हणते, "उद्याच जा. इथे बसून काय करतोस, माझं तोंड बघतोस नुसता." म्हणून गेलो. ग्लेन माझा एकुलता मुलगा. सांगायला जड असलं की तो इंग्लिशमध्ये बोलतो. "पप्पा, ममा इज गॉन," म्हणाला. मला एवढं इंग्लिश कळतं. तरी मी विचारलं, कुठे? मग मी चिलर बंद केला, खोलीला कडी घातली आणि गाडी काढली. डोंगरापासून दुबईपर्यंतचा रस्ता माझ्या पायाखालचा आहे, पण त्या दिवशी कुठून कसा आलो ते आठवत नाही.

आता काही आठवडे झाले. तिला इथल्याच दफनभूमीत ठेवलं. वसईला नेऊ असं नातेवाईक म्हणत होते, पण तिने आधीच सांगून ठेवलं होतं, "जिवंतपणी मना विमानात मळमळायचं, मेल्यावर कशाला बसवता?" आमच्या मंडळातल्या एक बाई म्हणाल्या, सेसिलवर काहीतरी लिहा, पुरवणीत छापू. मी म्हटलं, बाई, मी सातवीपर्यंत शिकलो, तेही मारून मुटकून. त्या म्हणाल्या, बोलता तसं लिहा. तर हे तसं.

माणूस गेलं की लिहितात, फार गोड होती, कुणाला दुखावलं नाही. सेसिल गोड नव्हती. तोंडाळ होती. आम्ही दोघं वसईच्या किनाऱ्यावरचे ख्रिस्ती कोळी. तिचा बाप नाखवा, आई टोपली घेऊन मासे विकणारी. आईचं तोंड लेकीने घेतलं होतं. मी तरुणपणी इथे आलो, शारजाच्या औद्योगिक भागात पंप दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये लागलो, नंतर तिला आणलं. ती एका हॉटेलच्या लिनन रूममध्ये पडदे-चादरी शिवायची. मासळी बाजारात तिच्याबरोबर जायला मला लाज वाटायची. माशाचा कल्ला उचलून विकणाऱ्याला सगळ्यांसमोर विचारायची, "ये मछली कब मरा? तेरी शादी में?" तो बिचारा हसायचा आणि आतून दुसरा मासा काढायचा. दोघं रिटायर झाल्यावर आम्ही ग्लेनकडे दुबईत अल कुसैसला राहायला आलो, त्याच्या व्हिसावर. मी अधूनमधून जुन्या गिऱ्हाइकांचे पंप बघायचो. घरी बसून गंजण्यापेक्षा बरं.

अबू खल्फान असाच एक गिऱ्हाईक. डोंगराच्या पायथ्याशी त्याचा खजुराचा मळा आहे आणि मळ्याच्या वर, घळीला बांध घालून केलेला तलाव. पावसाचं पाणी येतं, बाकी विहिरीचं पंपाने सोडतात. तो पंप बिघडला म्हणून मी निघालो, तर सेसिल म्हणाली, मी पण येते, चार भिंती बघून कंटाळले. फेब्रुवारी होता, थंडी सरत आली होती. मी पंप खोलला आणि ती तलावाकडे गेली. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, घळीत घुमला. "अरे, हा म्हातारा पाण्याला चाबूक का मारतोय?"

मी धावत गेलो. मळ्याचा मालक स्वतः उभा होता, पांढरा कंदुरा, म्हणजे अरबांचा पायघोळ झगा, गुडघ्यापर्यंत खोचून, हातात लांब लवचीक काठी. काठीला जाड पिवळा दोर. दोर मागे उडवायचा, पुढे उडवायचा, मग अलगद पाण्यावर सोडायचा. मी म्हटलं, आता नोकरी... म्हणजे नोकरी नव्हतीच, पण गिऱ्हाईक गेलं. इथल्या जुन्या अरबांना हिंदी येतं. त्याला चाबूक कळला होता. तो वळून म्हणाला, "मदाम, चाबुक नहीं. मछली को दावत दे रहा हूँ." आणि दोराच्या टोकाचा गळ दाखवला. त्याला आमिष नव्हतं. दोन पिसं आणि धागा बांधून केलेली खोटी माशी होती, चिलटाएवढी. सेसिलने ती बोटावर घेतली. "पीस? मासा काय येडा हाय, पीस खाईल?" मी हिंदीत सांगितलं. तो म्हणाला, "आप से कम." म्हणजे तिच्यापेक्षा मासा कमी वेडा, का पीस कमी खातो, मला नीट कळलं नाही, पण ती हसली. तोंडाळ माणसाला तोंडाळ माणूस भेटला की बरं वाटतं.

त्याने मग सगळं सांगितलं. तरुणपणी त्याला नोकरीच्या ट्रेनिंगला थंड देशात पाठवलं होतं. तिथे तो ही मासेमारी शिकला आणि ते खूळ डोक्यातून गेलं नाही. तलावात दोन जातीचे मासे होते. एक बास. तो एकदा आणून सोडला, उन्हाळ्यात तगला, त्याची पोरं झाली. दुसरा ट्राउट, अंगावर ठिपके, कडेला गुलाबी पट्टा. त्याला थंड पाणीच लागतं. दर हिवाळ्यात टाकीच्या गाडीतून आणायचे, थंडीभर वाढू द्यायचे, तेव्हा हात लावायचा नाही. वसंत लागला, पाण्यावर चिलटं दिसली, की काठ्या काढायच्या. कारण एप्रिलात पाणी तापलं की ट्राउट मरणारच. "हर साल मालूम है मरेगा. हर साल लाता हूँ," म्हणाला. मी मनात म्हटलं, पैसेवाल्याची थेरं. सेसिल म्हणाली, "म्हणजे बासला रेसिडेन्स व्हिसा आणि ट्राउट व्हिजिटवर." मी तेही सांगितलं. म्हातारा हसून हसून पाण्यात बसायचा राहिला. त्याचा नियम होता, बास धरला तर सोडायचा. ट्राउट धरला तर घरी न्यायचा, तो सोडून काही उपयोग नाही.

त्याने तिच्या हातात काठी दिली. "पीछे. रुको. अब आगे." हे रुकणं तिला जमेना. आयुष्यात कुठे थांबली नव्हती ती. मासा लागला तर समुद्रातल्यासारखा हिसका द्यायची आणि दोराच्या टोकाची केसासारखी बारीक तार फटकन तुटायची. "उम ग्लेन," तो म्हणायचा, "ये सुरमई नहीं है. इसको गुस्सा मत दिखाओ." इथे बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात, उम ग्लेन म्हणजे ग्लेनची आई. तिला ते नाव फार आवडलं. त्या दिवशी एकही मासा मिळाला नाही. परत येताना गाडीत म्हणाली, "पास्कू, तो पंप पुन्हा बिघडेल काय?"

मी म्हटलं, मी दुरुस्त केलाय, का बिघडेल.

"मग नीट नाय केलास," ती म्हणाली.

पंप बिघडला नाही. पण पुढच्याच आठवड्यात अबू खल्फानचा फोन आला, "पंप ठीक है. उम ग्लेन को ले आओ, यल्ला." तेव्हापासून दर वर्षी वसंतात, सुट्टीच्या दिवशी आम्ही तिथे. ती माझा जुना स्वेटर घालायची, डोक्याला फडकं. पहाटे डोंगराची सावली तलावावर असायची, पाणी काळं. विहिरीचं पाणी जिथे पडतं तिथे ट्राउट जमायचे, तिथे गारवा जास्त. वर चिलटं तरंगत आणि मधेच पाण्यावर एक गोल उठे, बारीक, कुणी बोट टेकवल्यासारखा. त्या गोलाच्या थोडं पुढे माशी टाकायची. ऊन वर आलं की उथळ बाजूच्या लव्हाळ्यात बास हलायला लागायचे. बास दार आपटल्यासारखा गळाला लागतो. तो सोडताना सेसिल त्याला दम द्यायची, "जा, तुझी कागदपत्रं हायत." पण जीव ट्राउटवर. आणि एक सांगतो, ती काठी हातात असताना तिचं तोंड बंद असायचं. माझ्या आयुष्यात तेवढ्याच जागेवर मी तिला गप्प बघितलं. मी खडकावर बसून चहा प्यायचो. मला तो दोर टाकणं कधी जमलं नाही, शिकावंसंही वाटलं नाही. ती उभी आहे, दोर मागे गेलाय, ती थांबलीय... एवढं बघायला मिळायचं, पुरे होतं.

आता उपासाचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत आमचा प्रायश्चित्तकाळ. त्यात कोणी मटण सोडतं, कोणी दारू. सेसिलच्या घरात मासा सोडायचे. ती लहान असताना तिच्या बापाची होडी वादळात सापडली होती. आईने किनाऱ्यावर उभं राहून नवस केला, माणूस परत आला तर या काळात घरात कोणी मासा तोंडात घालणार नाही. बाप आला. त्या दिवसापासून कोळ्याचं घर आणि चाळीस दिवस मासा नाही. विकायचा, पण खायचा नाही. म्हणजे काय ते कोळ्यालाच कळेल. लग्न झाल्यावर तिने माझ्यावर सक्ती केली नाही. माझ्यासाठी कालवण करायची, वासावरून मीठ ओळखायची आणि स्वतः डाळ-भात खायची.

तर गंमत बघा. ट्राउट धरायचा काळ आणि तिचा उपास, दोन्ही एकाच वेळी. दर वर्षी राखेचा बुधवार आणि ती चिलटं मागेपुढे हातात हात घालून यायची. एखाद्या वर्षी मधे आठवडा मोकळा मिळाला तर त्या आठवड्यात नेमके बासच लागले. आणि ईस्टर येईपर्यंत पाणी तापून ट्राउट खलास. फ्रीजरमध्ये ठेव, ईस्टरला खा, असं मी म्हटलं तर अंगावर आली. "फ्रीजरातला मासा म्हणजे मेलेल्याला परत मारायचं. मी नाय खात." त्यामुळे इतकी वर्षं मासे तिने धरले आणि खाल्ले मी. ती तळून माझ्यापुढे ठेवायची, समोर बसायची, हनुवटीखाली हात घेऊन.

"कसा लागतो?"

"बरा."

"बरा म्हणजे काय रं? रावसासारखा, मुडदुशासारखा, काय ते सांग ना."

"अगं, माशासारखा लागतो."

"तुला दगड शिजवून घातला तरी बराच लागेल," म्हणायची आणि उठून जायची. मला खरंच सांगता यायचं नाही. पंपाचा आवाज ऐकून मी सांगेन कुठलं बेअरिंग गेलंय, पण चवीला शब्द कुठून आणायचे? जेवण म्हणजे भूक भागली, हात धुतले. आमच्या घरात बाप्ये असंच जेवत आले.

मागच्या उन्हाळ्यात तिच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, मग पुन्हा तपासण्या, मग डॉक्टर आमच्याऐवजी ग्लेनकडे बघून बोलायला लागले तेव्हा मला कळलं. किमो सुरू झाली. ती बारीक झाली, केस गेले. तोंड मात्र तसंच. नर्सला म्हणायची, "सुई टोचतेस की खिळा ठोकतेस?" यंदा राखेचा बुधवार आला तेव्हा तिला उभंही राहवत नव्हतं. ग्लेन म्हणाला, ममा, यू नीड प्रोटीन, मासे खा. घरी प्रार्थनेला आलेले फादरही म्हणाले, आजाऱ्याला उपासातून सूट आहे, सेसिलिया, देव रागावत नाही. ती म्हणाली, "फादर, देवाने सूट दिली असेल. नवस आईने समुद्राला बोलला होता. समुद्र सूट देतो काय, माझ्या बापाला विचारा." फादरांनी हात जोडले.

त्या दिवशी फादर गेल्यावर मला जवळ बोलावलं. "पास्कू, मना माहीत हाय, पुढचा वसंत मना नाय. इतकी वर्षं जो मासा धरला, तो एकदा खायचा हाय. ईस्टरला. ताजा." दुसरं काही तिने मागितलं नाही. सोनं नाही, वसईला जायचं नाही, कुणाला भेटायचं नाही. मी म्हटलं, ईस्टरला तलावात ट्राउट कुठून असणार? ती म्हणाली, "ते तू बघ. तू मेकॅनिक हायस ना?"

मी बघितलं. आधी चूक केली ती सांगतो. मला पाणी म्हणजे प्रेशर आणि फ्लो एवढंच माहीत. अबू खल्फानने धरून दिलेला एक ट्राउट मी बर्फाच्या पेटीत, बॅटरीवरच्या हवेच्या पंपावर घरी आणला आणि बाथटबमध्ये सोडला. खालच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, बर्फाच्या पिशव्या आणून ओतल्या. माझी सून रीमा ऑफिसातून आली, बाथरूमचं दार उघडलं आणि किंचाळली. "पप्पा! बाथरूममध्ये मासा आहे!" मी म्हटलं, ईस्टरपर्यंत दुसऱ्या बाथरूममध्ये जा. ती म्हणाली, ईस्टरपर्यंत?! पण तेवढी वेळ आलीच नाही, संध्याकाळपर्यंत मासा उलटा झाला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, हे मला कोणी सांगायला हवं होतं. सेसिलने बाहेरच्या खोलीतून हाक मारली, "मेला काय?" मी म्हटलं, मेला. "बघू कल्ले," म्हणाली. बघितले आणि म्हणाली, "गरमीने नाय मेला. पाणी वाईट." आणि वर मला टप्पल मारली, जोर नव्हता हातात.

मग मळ्यावर सोय केली. पंपाची खोली जाड भिंतींची, सावलीत. जुन्या वर्कशॉपमधून एक चिलर आणला. इथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या इतक्या तापतात की नळाने हात भाजतो, म्हणून लोक टाकीला चिलर लावतात, तसला. फायबरची टाकी, विहिरीचं पाणी, आणि वरून भोकं पाडलेल्या पाइपातून धार, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. अबू खल्फान काठी टेकून बघत होता. तो म्हणाला, "एक मछली के लिए?" मी म्हटलं, हो, एकाच. तो म्हणाला, "इन्शाल्ला," आणि पंपाच्या खोलीत वेगळा स्विच काढून दिला.

पण मासा हवा ना. तलाव तापत चालला होता, ट्राउट संपत आले होते. म्हाताऱ्याने दोन सकाळी घालवल्या, मिळाला नाही. घरी येऊन मी सांगितलं, तर सेसिल म्हणाली, मना ने. ग्लेन नको म्हणत होता, डॉक्टर नको म्हणत होते. मी नेलं. प्लास्टिकच्या खुर्चीत पाण्याकाठी बसवलं, पायावर चादर. पहिल्या दोन फेकी तर तिच्या पायापाशीच पडल्या. अबू खल्फान मागे उभा होता, त्याच्या तोंडून नेहमीचं "रुको" निघालं नाही. गरजच नव्हती. ती आपली आपणच थांबत होती, दम लागायचा म्हणून थांबत होती, आणि तो दोर इतका सरळ, इतका हळू गेला की मी तसा कधी बघितला नव्हता. विहिरीच्या धारेपाशी पडला. गोल उठला. तिने हिसका दिला नाही. नुसता हात वर केला.

मी जाळी घेऊन कमरेइतक्या पाण्यात गेलो, कपड्यांसकट. हाताएवढा ट्राउट, पट्टा गुलाबी. ती खुर्चीतून ओरडली, "हाताने धरू नको, हात गरम हायत तुझे! ओले कर आधी!" बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज घळीत घुमला.

मग मी एक दिवसाआड तिथे. मधल्या दिवशी मळ्याचा राखणदार बघायचा. ईस्टरचा पवित्र आठवडा लागण्याआधी एकदा भर दुपारी त्याचा फोन आला, चिलर ट्रिप झालाय, मासा आडवा पडलाय. मी बर्फ भरून गाडी हाणली. पोचलो तेव्हा तो कुशीवर होता, कल्ले मधूनच हलत होते. बर्फ सोडला, चिलरची जळलेली वायर बदलली आणि मग त्याला दोन्ही हातांत उभा धरून पाण्यात मागे-पुढे, मागे-पुढे करत बसलो, कल्ल्यांत पाणी जावं म्हणून. किती वेळ बसलो माहीत नाही, पाठ मोडली. मी त्याला शिव्या घालत होतो. म्हटलं, हरामखोरा, ईस्टरला मर, आज नाय मरायचं. आणि मग तो हाताखालून सटकला, तळाशी गेला, सरळ उभा राहिला. त्याच वेळी मला रडायला आलं, तिच्या आजारात पहिल्यांदा. राखणदार बाहेर गेला, भला माणूस.

ईस्टरच्या सकाळी मी मासा काढला, तिथेच मारला, पेटीत घालून आणला. सेसिलने मोबाइलवर चर्चमधला मिस्सा बघितला होता, नवी ओढणी घेतली होती डोक्यावर. मासा हातात घेऊन कल्ले उघडले. "लाल हायत," म्हणाली. एवढंच, पण माझ्याकडे बघून म्हणाली. मसाला लावू दिला नाही. मीठ, हळदीचं बोट, थोडं तेल. मी तळला, रीमा बाजूला उभी राहून सांगत होती आता उलटा करा, आता नको. ताटलीत घालून तिच्यापुढे ठेवला. ग्लेन, रीमा, मी, सगळे तिच्या तोंडाकडे. तिने पोटाकडचा तुकडा घेतला, कारण चव तिथेच असते. चावला. थांबली. अजून चावला. मग आमच्याकडे बघून हसली, आणि मला समजलं काहीतरी चुकलंय, कारण असं मवाळ ती कधी हसत नसे.

ग्लेन आणि रीमा आत गेल्यावर म्हणाली, "पास्कू, मना काय लागतच नाय रे. कागद चावल्यासारखं. औषधाने जीभ मेली."

इतकं सगळं केलं आणि जिभेचा विचार कुणी केला नव्हता. औषधाने चव जाते, हे डॉक्टरने सांगितलं होतं म्हणे, ग्लेनकडच्या कागदात होतं.

तिने ताटली माझ्याकडे सरकवली. "तू खा. आणि सांग. पण बरा म्हणालास तर ताटली फेकीन."

मी तुकडा तोंडात घातला. डोळे मिटले, मला ते शोभत नाही, तरी मिटले. म्हटलं, मऊ आहे. मुडदुशासारखा मऊ. पण मुडदुशाला खाडीची खारट ओल असते ती याला नाही. ती म्हणाली, "मग?" म्हटलं, पाठीकडे बोयटासारखा तेलकट, पण तेवढा जड नाही, घशाला चिकटत नाही. कातडी मांदेलीच्या शेपटीसारखी कुरकुरते. गोड आहे... रावसाचा गोडवा नव्हे. आई तांदूळ धुवायची, मग कच्चेच दोन दाणे आम्ही तोंडात टाकायचो, तसला गोड. ती म्हणाली, "कळलं." म्हटलं, आणि शेवटी जरा थंड लागतं. मासा गरम आहे, पण मागून थंड.

"चिखल?"

"नाही. चिखल अजिबात नाही."

"काटे?"

"मधला सरळ निघतो. बाकीचे केसासारखे."

तिने पुन्हा एक तुकडा घेतला आणि म्हणाली, परत सांग, हळू. मी परत सांगितलं, पहिल्यापासून, आणि ती चावत राहिली, मी तांदूळ म्हटल्यावर मान हलवली. "आता जरा जरा लागतं," म्हणाली. खरं लागलं की माझ्यासाठी म्हणाली, ते मला ठाऊक नाही. तिने सबंध मासा संपवला, म्हणजे दोघांनी मिळून.

त्यानंतर तिला खाणं जवळजवळ बंदच झालं, तरी माझ्या जेवणाच्या वेळी खाटेशेजारी मला बसवून घ्यायची आणि सांगायला लावायची. इस्पितळातल्या कँटीनचा सांबार, रीमाची भेंडी, मागच्या आठवड्याचा पाव. मी सांगायचो. जमायला लागलं होतं मला. अखेरीअखेरीस डोळे मिटून ऐकायची, मधेच म्हणायची, "मीठ?" मी म्हणायचो, कमी आहे. शेवटचं जे मी सांगितलं ते इस्पितळातल्या उपम्याचं, आणि तिला तो ऐकूनही आवडला नाही.

आता घरात चौघांच्या टेबलावर तिघं बसतो. मी बोलत बसणारा माणूस नाही. पण घास घेतला की माझ्या तोंडून निघतं, डाळ पातळ आहे, लसूण करपलाय, भात आज मोकळा झालाय. परवा रीमा ग्लेनला स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणत होती, "तुझे पप्पा रोज माझ्या जेवणाला नावं ठेवतात. ममा असताना एक शब्द बोलत नव्हते." मला ऐकू आलं. मी उठून गेलो नाही, थकलो होतो.

हे सगळं मी हाताने लिहिलंय, रीमाच ते टाइप करणार आहे. तेव्हा रीमा, इथपर्यंत आलीस की तुझं तुला कळेलच, मी ते कोणाला सांगत असतो. आजचं कालवण तिखट होतं, आणि कोकम थोडं जास्त पडलंय. बोंबील ताजे होते.